नाही म्हणणाऱ्यानं स्वतः जायचं

कुणाच्या धंद्यात पैसा घालायचा की नाही हे ठरवण्याआधी ते गृहस्थ त्या धंद्याच्या जागी तीन दिवस नुसते बसून यायचे. बसायला स्वतःचं लाकडी स्टूल न्यायचे आणि जेवायला घरची भाकरी. मालकाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "मी हितं न्हायच असं समजा आणि तुमचं काम करा." आता डोक्याला तांबडा रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट आणि मांडीवर आडवी काठी घेतलेला सहा फुटी माणूस दारात बसला असताना तो नाहीच असं कुणी कसं समजावं! पहिला दिवस मालक अवघडून वागायचा. दुसऱ्या दिवशी त्याला यांचा निम्मा विसर पडायचा. तिसऱ्या दिवशी तो कामगारावर ओरडायचा, गिऱ्हाइकाला उद्याचा वायदा करायचा, दुपारी पोत्यावर आडवा व्हायचा. थोडक्यात, रोजच्यासारखा वागायचा. त्यांना तो तिसरा दिवस पाहिजे असायचा.

आम्ही त्यांना जकातदार म्हणायचो. ते त्यांचं नाव नव्हतं आणि कागदावर त्यांचा तसा हुद्दाही कधी नव्हता. संस्थानाच्या काळात ते जकातीच्या नाक्यावर तपासनीस होते. संस्थान विलीन झालं, खाती इकडची तिकडं झाली, आणि नव्या साहेबाला सलाम ठोकायचं हे वय नव्हे असं ठरवून ते मिळाली ती रक्कम घेऊन घरी बसले. बसले म्हणजे आपले म्हणायला. घरी बसणं त्यांना आठ दिवस सुद्धा जमलं नाही.

नाक्यावरच्या नोकरीनं त्यांना एक नजर दिली होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता. ते सांगायचे, "गाडी आली की नवा शिपाई गाडीवानाशी बोलत बसायचा. गाडीवान काय, ग्वाडच बोलणार की! मी बैलाकडं बघायचो. वर दिसतंय गवत, आणि बैलाच्या तोंडाला फेस. मग गवतात काठी खुपसायची." पुढे धंद्यात पैसा घालू लागले तेव्हाही त्यांनी हीच रीत ठेवली. मालक काय बोलतो हे ते जवळजवळ ऐकतच नसत. कामगार, घरची बाई, उधारीवर माल देणारा दुकानदार, यांच्याकडे ते बघत बसायचे. "वजन कोण वढतंय ते बघा, मास्तर," असं मला निदान शंभरदा तरी त्यांनी सांगितलं असेल.

मी मास्तर. गावातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो आणि राजारामपुरीत त्यांच्याच गल्लीत भाड्यानं राहायचो. एकदा ते इंग्रजीतलं एक पत्र घेऊन माझ्याकडे आले. पुण्याच्या कुणा व्यापाऱ्यानं छपाईच्या मशीनची किंमत कळवली होती. पत्र वाचून दाखवताना त्यातल्या बेरजेत चूक असल्याचं मला दिसलं, ते मी सांगितलं. ते म्हणाले, "चूक काढलासा, पर हसला न्हाईसा." आणि पुढच्या आठवड्यात येऊन मला भागीदार होता का म्हणून विचारलं. माझी अकरा वर्षांची शिल्लक होती, फार नव्हती.

आमच्या घरातून या गोष्टीला कडाडून विरोध झाला. "आता सावकारी करणार का तुम्ही?" असं बायकोनं विचारलं. माझी गाळण उडालेली पाहून जकातदारांनीच दारात उभं राहून तिला समजावलं. "बाई, सावकार तारण घेतो. गिऱ्हाईक बुडालं तरी त्याचं काय जात न्हाय. आमी याज घेत न्हाय, तारण घेत न्हाय. रुपयात चार आणे भागी घेतो. त्यो बुडला तर आमी बुडलो." बायको म्हणाली, "म्हणजे सावकारीपेक्षा वाईट." यावर ते मनापासून हसले आणि तिला म्हणाले, "तुमीच या की मंडळीत."

आमच्या मंडळीत आम्ही तिघं होतो. ते, मी आणि एक डॉक्टर. डॉक्टरांचा दवाखाना सोमवारी संध्याकाळी बंद असायचा, म्हणून मागच्या खोलीत, औषधाच्या वासात आम्ही जमायचो. दारावर पाटी नव्हती. पाटी लावू या असं डॉक्टर म्हणाले तेव्हा जकातदार बोलले, "पाटी लावली की मागणारं येत्यात. आपल्याला करणारं पायजेत. ते आपण हुडकू." त्यांचा पैसा सगळ्यांत जास्त आणि माझा सगळ्यांत कमी, पण तिघांपैकी एकानं जरी नाही म्हटलं तर पैसा द्यायचा नाही, असा नियम त्यांनीच घातला होता.

हातकणंगल्याहून एक सुशिक्षित गृहस्थ साबणाच्या कारखान्याची योजना घेऊन आले होते. कागद सुरेख होते. नफ्याचा आकडा पाहून डॉक्टरांचे डोळे भरून यायचे तेवढे बाकी राहिले. जकातदारांनी कागद उलटे करून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "तुमी सोता कवा साबण केलायसा?"

"मी कशाला करीन? त्यासाठी माणसं ठेवणार आहे."

"मग त्या माणसास्नी लावून द्या. पैसे त्यांनाच देतो."

ते गृहस्थ रागानं निघून गेले. मला जरा वाईट वाटलं. जकातदारांना काही वाटलं नाही. दुसऱ्याच्या हातानं धंदा करणाऱ्यावर त्यांचा भरवसाच नव्हता, आणि त्यांच्या सगळ्या तत्त्वांमध्ये मला हे एक नेहमी जरा हट्टाचं वाटत आलं आहे. तो साबण पुढे कुणी तरी काढला, आणि तो खपलाही. हे मी त्यांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "खपू दे की. आपल्याला समदं गाव घ्यायचं हाय व्हय?"

उलट पन्हाळ्याच्या एका माणसाचं नाव ते कौतुकानं घ्यायचे. त्याला वर गडावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. जकातदार स्टूल घेऊन गडावर गेले, तीन दिवस वाऱ्यात बसले, नाक गळत परत आले. म्हणाले, "पावणं येत्यात, न्हाय असं न्हाय. पर दुपारी येत्यात आणि दिवस मावळायच्या आत खाली पळत्यात. खोल्यांत काय वारा निजवायचा? मी त्याला म्हटलं, झुणका-भाकरी वीक." त्या माणसानं ते ऐकलं. दोन दगड मांडले, बायकोला भाकऱ्या थापायला बसवलं आणि त्याला आमच्या एका पैचीही गरज पडली नाही. ज्या धंद्यात आपण काहीच घातलं नाही त्याचा एवढा अभिमान बाळगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

नात्यातल्या माणसाला पैसा द्यायचा नाही, हाही त्यांचा नियम. त्यात त्यांचा जावई सापडला. जावयाला सायकलीचं दुकान काढायचं होतं. जकातदार म्हणाले, "जावई म्हणून मागा, घरात असेल ते नेवा. भागीदार म्हणून मागू नका. तुमच्या दारात तीन दिवस स्टूल टाकून बसलो तर लेक नांदंल का माझी?" जावई दोन वर्षं सासुरवाडीला आला नाही. त्या दोन वर्षांत त्यांच्या बायकोनं त्यांना वाढताना तोंड भिंतीकडे फिरवून वाढलं. ते सांगायचे, "आमटी कवा कवा ताटाबाहेर पडायची. पर वाढायची मातर रोज."

धंदा पायावर उभा राहिला आणि त्यावर दोन दिवाळ्या बऱ्या गेल्या की ते आपला वाटा घेऊन बाहेर पडायचे. चपलांचं काम करणारा एक कारागीर रडवेला होऊन म्हणाला होता, "मालक, ऱ्हावा की. तुमचा आधार हाय." हे म्हणाले, "आधार लागतोय तवर मी हुतो. आता तुला नुसती सवय लागलीया." त्या कारागिराच्या चपला ते पुढे रोख पैसे देऊन विकत घ्यायचे, आणि एक आणाही कमी करू द्यायचे नाहीत.

पण त्यांचा सगळ्यांत लाडका नियम वेगळाच होता. वाईट बातमी आधी सांगायची. धंदा बुडाला तर बुडाला, ते पैसा परत मागत नसत; पण बुडतोय हे त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये. पुस्तकबांधणी करणारा एक जण एकदा भर सोमवारी येऊन म्हणाला, "मशीन मोडलं, कचेरीचं काम गेलं, आणि मशीन माझ्याच चुकीनं मोडलं." त्याला त्यांनी आमच्याकडून त्याच संध्याकाळी आणखी पैसे देववले. त्याच महिन्यात एक सोडावॉटरवाला पेढे घेऊन आला होता. धंदा झकास चाललाय म्हणाला. जकातदारांनी पेढ्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर बाटल्या भरायचं यंत्र त्यानं कधीच विकून टाकलं होतं. तेव्हापासून त्यांना कुणी पेढे दिले की ते आधी घाबरायचे. स्वतःला नातू झाला तेव्हाचे पेढेही त्यांनी जरा संशयानंच खाल्ले.

आता ज्या नियमापायी मी हे लिहायला बसलो तो सांगतो. तिघांतला जो कुणी नाही म्हणेल त्यानं स्वतः त्या माणसाच्या दुकानात जाऊन ते सांगायचं. चिठ्ठी पाठवायची नाही, दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं नाही. आणि का नाही तेही सांगायचं. ते म्हणायचे, "हितं खुर्चीवर बसून न्हाय म्हणायला काय लागतंय? त्याच्या दारात उभं ऱ्हाऊन म्हणता येत असंल तरच म्हणा." डॉक्टरांनी एका घड्याळवाल्याला नाही म्हटलं होतं, तेव्हा ते गेले, नीट सांगून आले, आणि येताना आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्याच्याकडून दुरुस्त करून घेऊन आले. त्यांना ते जमायचं. डॉक्टरांना रोज कुणाला तरी काही तरी वाईट सांगायची सवयच होती.

ईश्वरा मिस्त्री बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम करायचा. गावाबाहेर पत्र्याची एक शेड, एक भट्टी, दोन मजूर आणि घरची बायको. त्याला पाण्याच्या पंपाची बॉडी इथंच ओतायची होती. ती तोवर लांबून यायची आणि महाग पडायची. जकातदार तिथं तीन दिवस बसून आले आणि पहिल्यांदाच मी त्यांना थोडं अधीर झालेलं पाहिलं. "त्याची बायको साच्याची वाळू चाळतीया," ते म्हणाले. "खडा निघाला तर नवऱ्याला शिव्या घालतीया. पैसा द्या."

आम्ही दिला. पहिल्या ओतीव बॉड्या थंड झाल्यावर तडकल्या. ईश्वरा सोमवारी आला, तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "फुटलं." आम्ही पुन्हा दिला. दुसऱ्या वेळी तडे नव्हते, पण आत पोकळ्या राहिल्या. पाणी भरलं की घाम आल्यासारखं बाहेर झिरपायचं. तो पुन्हा सोमवारी आला. "साचा वलसर ऱ्हायला. आता भट्टीच्या कडंला ठेवून खडखडीत वाळवणार. आणि एक डाव द्या."

जकातदार हो म्हणाले. डॉक्टर हो म्हणाले. मी नाही म्हणालो.

मी कारणं दिली. एकाच धंद्यात किती घालायचं, तिसऱ्यांदा तेच, वगैरे. कारणं चुकीची नव्हती. पण खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो आणि त्या भीतीला हिशेब म्हणत होतो. जकातदारांनी माझ्याशी वाद घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाले. "उद्या जाऊन सांगा त्याला."

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी गेलो. उन्हाचे दिवस होते. शेडमध्ये एकच खुर्ची होती, ती ईश्वरानं धोतराच्या सोग्यानं पुसून मला दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं नवी वाळू मुठीत धरून दाखवली. मूठ उघडल्यावर वाळूचा गोळा तसाच राहिला पाहिजे पण हाताला ओल लागता कामा नये, असं काहीसं तो सांगत होता. त्याची बायको चहा घेऊन आली. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, आणि मला दिलेल्या चहात ती भरपूर होती. मी कप तोंडाला लावला. एकदा चहा घेतल्यावर मला ते बोलता येईना.

"मग मास्तर?" ईश्वरानं विचारलं. "मंडळी काय म्हणत्यात?"

मी म्हणालो, "काम चालू ठेवा."

एवढंच म्हणालो. पुढच्या वेळी येऊन नीट सांगू, आज नको, असं मनाशी ठरवलं. ईश्वराचा चेहरा असा खुलला की मी घाईनं उठलोच. वाटेत मला जकातदार भेटले. "सांगितलासा?" मी म्हणालो, "सांगितलं." "काय म्हणला?" "गप्प बसला." एकदा खोटं बोलायला लागलं की ते नीटनेटकं करावंसं वाटतं. गप्प बसला हे मी वरून घातलं.

त्यानंतर दोन सोमवार गेले. पुढच्या वेळी जाऊ हे माझं रोज ठरत होतं आणि रोज पेपर तपासायचे राहिले होते. आमचे पैसे जकातदारांच्या हातून यायचे आणि ते येतील तेव्हा येतील, मागायला जायचं नाही, अशी पद्धत असल्यामुळे ईश्वरा विचारायलाही आला नाही. तिसऱ्या सोमवारी तो खांद्यावर पोतं घेऊन आला. पोत्यातून पंपाची बॉडी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि हातोडीनं तिला हलकेच ठोकलं. स्वच्छ आवाज आला. डॉक्टरांनी तर टाळ्याच वाजवल्या.

"समद्या अशाच निघाल्या," ईश्वरा म्हणाला. "बिडाला आणि कोळशाला पैसा नव्हता, तवा आमच्या हिची बोरमाळ गहाण टाकली. म्हटलं मास्तरांनी शबूद दिलाय, मंडळीचा पैसा आला की सोडवू. मास्तर आलं नसतं तर माझा काय धीर झाला नसता."

जकातदारांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला काय वाटलं ते सरळ सांगतो: जमीन दुभंगावी असं वाटलं. ईश्वरासमोर त्यांनी त्या मंगळवारचा विषय काढला नाही. मला विचारलं, "आता तुमचं काय, मास्तर? व्हय?" मी मान हलवली. त्यांनी पैसे काढून ईश्वराला दिले आणि म्हणाले, "आधी बोरमाळ सोडीव. मग घरला जा."

तो गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्या मंगळवारी काय झालं?" मी सगळं सांगितलं. डॉक्टर सज्जन माणूस; मला वाचवायला म्हणाले, "जाऊ द्या हो. शेवट चांगला झाला ना? उलट यांनी सांगितलं असतं तर त्यानं हाय खाल्ली असती."

"डॉक्टर," जकातदार म्हणाले, "नाक्यावरचा शिपाई झोपला आणि त्या टायमाला एक बी गाडी आली न्हाय, तर त्यानं राखण केली म्हणायचं का? बॉडी फुटली असती तर त्या बाईची माळ गेलती. मास्तरांनी न्हाय म्हणलं त्याचं मला काय न्हाय. त्यांचा हक्क हुता. पर हितं न्हाय म्हणून, तितं व्हय म्हणून आले."

मग माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. कोल्हापुरात आवाज चढला की माणूस निवांत असतो. तो उतरला की भ्यावं. "चूक माझी बी हाय. समद्यांच्या दारात तीन-तीन दिवस बसलो. तुमच्या दारात कवा बसलो न्हाय. तुमचा वाटा डॉक्टर देतील तो नेवा. ईश्वराला जाऊन खरं सांगा, मग या. न्हाय सांगितलं तरी आपलं भांडण न्हाय. पर मग सोमवारी येऊ नका."

इथं जरा पुढचं सांगून टाकतो. मी मंडळीत परत आलो आणि ती मोडेपर्यंत राहिलो. त्यानंतरही सहा-सात धंदे आम्ही उभे केले, दोन बुडवले. जकातदार शेवटी शेवटी फार चालू शकत नसत. स्टूल सायकलीला बांधून मी पुढे आणि ते काठी टेकत मागं, असे आम्ही जायचो. गेले तेव्हा त्यांच्या अंगावर कुणाचं देणं नव्हतं आणि कुणाच्या धंद्यात त्यांचा वाटाही उरला नव्हता. सगळ्यांतून ते वेळेवर बाहेर पडले होते. त्यांच्या मातीला चपलांचा तो कारागीर, पुस्तकबांधणीवाला, पन्हाळ्याचा झुणकेवाला, सगळे आले. जावईही आला, आणि मोठ्यानं रडला.

मला परत यायला मात्र पाच महिने लागले. या पाच महिन्यांत जकातदार गल्लीत भेटायचे, "काय मास्तर, बरं हाय न्हवं?" म्हणायचे आणि पुढे जायचे. त्यांनी अबोला धरला असता तर मला सोपं गेलं असतं. सोमवारी संध्याकाळी मी घरात येरझाऱ्या घालायचो. बायकोला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं, कारण सावकारीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

दसऱ्याला ईश्वरा घरी आला. सोनं दिलं, नारळ दिला, आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. पंप खपत होते, आणखी एक भट्टी घातली होती. माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, मास्तर नसतं तर आज आमी न्हाय." मला त्या क्षणी त्याचा राग आला. आपण ज्याला फसवलं त्यानं आपल्या पाया पडावं यासारखी दुसरी शिक्षा नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्या शेडवर गेलो.

या वेळी मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. त्या दिवशी मी हो सांगायला आलोच नव्हतो, मी नाही म्हटलं होतं, ते सांगायला आलो आणि सांगितलं नाही. ईश्वरा कानशीनं एका तुकड्याची कड घासत होता. त्याचा हात थांबला.

"म्हंजे माळ गहाण टाकली ती..." तो म्हणाला आणि तिथंच थांबला. मग त्यानं कानस खाली ठेवली आणि शेडच्या मागं तोंड करून हाक मारली, "अगं ए, हिकडं ये जरा." त्याची बायको चाळणी हातात घेऊनच आली. हातावर, कपाळावर वाळू.

"माळ हिची हुती, मास्तर," ईश्वरा म्हणाला. "हिला सांगा."

मला वाटलं होतं एकदा सांगून सुटलो. मी तिला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. नवऱ्याला सांगताना जे शब्द बरे वाटले होते ते तिच्यासमोर एकही चालेना. हिशेब, जोखीम, पुढच्या वेळी सांगणार होतो, यातलं काही बोलताच येईना. शेवटी एवढंच म्हणालो, "मी भ्यालो. चहा समोर आला आणि बोललो नाही."

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली होती, ते दिसत होतं. गळ्यातल्या माळेकडे तिचा हात गेला आणि परत आला. मग चाळणी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "मास्तर, पुढच्या बारीला न्हाई म्हणायला आलासा तर न्हाई म्हणा. च्या मी तरीबी करीन."

आणि चूल पेटवायला आत गेली.